इंकांच्या खोऱ्यातील एक दिवस

कुस्को येथे उतरलेल्या पाहुण्याच्या हाती सर्वांआधी दिला जातो तो कोकाच्या पानांचा ऊन ऊन काढा. आणि तो पिऊन होतो न होतो तोच यजमानीणबाई बजावतात की, आजचा दिवस जिने चढू नका, जडान्न खाऊ नका आणि सहलीचे नाव तर दोन दिवस काढूच नका. पेरू देशाच्या दक्षिण भागातील हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 3,400 मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराच्या दुपटीहूनही अधिक उंच वसलेले असल्यामुळे, सह्याद्रीतील गडकोट चढल्याचा अभिमान बाळगणाऱ्या माणसासही येथे बुटाची नाडी बांधताना धाप लागते. मी तो सल्ला अर्धाच मानला. एक दिवस गादीवर पडून काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा वाजता, कानशिले ठणकत असतानाच, सहलीच्या मोटारीत जाऊन बसलो.

विल्कानोता या नावाने उगम पावून पुढे उरुबांबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नदीचे जे खोरे कुस्कोच्या उत्तरेस पसरले आहे, त्यास 'इंकांचे पवित्र खोरे' म्हणतात. चिंचेरो, मोराय, मारास, ओयान्तायतांबो आणि पिसाक ही पाच ठिकाणे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उरकणारी सहल आता तेथे इतकी सर्रास झाली आहे, की कुस्कोच्या प्रत्येक गल्लीत तिची पाटी आढळते. उरकणे हाच शब्द तिला साजतो. घड्याळाच्या काट्यावर पुरातन वास्तू पाहणे मला मनापासून नापसंत आहे. तथापि या सहलीचा एक गुण मी प्रथमच कबूल केला पाहिजे. ती माणसाला एका दिवसात पावणेचार हजार मीटरांच्या माळावरून अठ्ठावीसशे मीटरांच्या खोऱ्यात उतरविते, आणि अँडीज पर्वतातील संसाराचे गमक या उतरणीतच आहे. सर्वांत वर गवताळ कुरणांत लामा व अल्पाका, त्याखाली बटाटा, त्याखाली मका, आणि पूर्वेस आणखी उतरून गेल्यावर दमट अरण्याच्या कडेला कोका व मिरची, अशा थरांत येथली शेती वसलेली आहे. एकाच कुळातील माणसांनी निरनिराळ्या उंचींवर जमिनी राखावयाच्या आणि पिकांची आपसांत देवघेव करावयाची, ही येथील बाजाराविना चाललेली अर्थव्यवस्था जॉन मुर्रा या मानववंशशास्त्रज्ञाने 1970 च्या सुमारास उलगडून दाखविली. आमच्या वाटाड्याने, जो घरात केचुआ, शाळेत स्पॅनिश आणि पोटासाठी इंग्रजी शिकला होता, हीच गोष्ट एका वाक्यात सांगितली: "माझ्या आजीची शेते तीन हवामानांत होती."

इंकांचे राज्य आपल्या ओळखीच्या मापांनी मोजू गेल्यास माणूस चक्रावून जातो. 'तावान्तिन्सुयु', म्हणजे चार सुभ्यांची एकी, हे त्याचे केचुआ नाव. पंधराव्या शतकात पाचाकुती या राजाने कुस्कोभोवतीच्या लहानशा राज्यास साम्राज्याचे रूप दिले, आणि पुरी शंभर वर्षे लोटण्याच्या आतच, 1532 च्या नोव्हेंबरात, फ्रान्सिस्को पिझारो या स्पॅनिश सरदाराने काहामार्का येथे अताहुआल्पा या राजास कैद करून त्या साम्राज्याचा कणा मोडला. एवढ्या अल्प अवधीत आजच्या कोलंबियाच्या दक्षिण टोकापासून चिली देशाच्या मध्यापर्यंत जो अंमल बसला, त्याच्या दिमतीला लोखंड नव्हते, ओझे वाहणारे चाक नव्हते, घोडा नव्हता, बैल नव्हता, आणि ज्यास आपण लिपी म्हणतो तीही नव्हती. दप्तर होते ते दोऱ्यांच्या गाठींचे. कोणत्या गावी माणसे किती, कोठारात मका किती, फौजेकडे कापड किती रवाना झाले, याचा हिशेब 'कीपू' नावाच्या गाठी मारलेल्या दोऱ्यांच्या झुबक्यात राखणारे अधिकारी म्हणजे त्या राज्याचे फडणीसच होत. सारा वसूल होई तो मुख्यत्वे श्रमांच्या रूपाने. प्रत्येक घराने वर्षातील काही काळ सरकारी शेतावर, रस्त्यावर, पुलावर किंवा लष्करात राबावयाचे, या पद्धतीस 'मीता' म्हणत. आपण तिला वेठ म्हणू. मात्र या वेठीत राबणाऱ्यास सरकारातून जेवण आणि 'चिचा' नावाची मक्याची दारू मिळे. स्पॅनिश कारभाऱ्यांनी मागाहून हाच शब्द आयता उचलून पोतोसीच्या चांदीच्या खाणीत माणसे जुंपली, तेव्हा त्यांनी त्यातील जबरदस्ती तेवढी ठेवली आणि यजमानपण गाळून टाकले.

पहिला थांबा चिंचेरो. हे गाव कुस्कोहूनही उंच, सुमारे 3,760 मीटरांवर. पाचाकुतीचा पुत्र तुपाक युपांकी याची खाजगी वाडीवस्ती येथे होती. तिच्या जोत्यावर स्पॅनिश लोकांनी चर्च चढविले. खाली एकमेकांत चपखल बसविलेल्या तासीव दगडांची भिंत व तीत वर निमुळते होत जाणारे मोठाले कोनाडे, आणि वर चुन्याने सारवलेली कच्च्या विटांची पांढरी भिंत, असे हे दोन सत्तांचे एकावर एक बसणे या साऱ्या मुलखात पदोपदी दिसते. कुस्कोतील 'कोरिकांचा' या सूर्यमंदिरावर असाच ख्रिस्ती मठ बांधलेला आहे. 1950 च्या भूकंपात तो मठ खिळखिळा झाला आणि त्याच्या पडझडीतून खालच्या इंका भिंती जशाच्या तशा उघड्या पडल्या. दगडांचे तोंड किंचित आत कललेले, दारे-कोनाडे तळाशी रुंद व माथ्याशी अरुंद, आणि सांध्यांत चुना नाही, या तिन्ही गोष्टींनी त्या भिंतीस धक्का सोसण्याचे बळ दिले.

चर्चपेक्षा मी अधिक वेळ रेंगाळलो तो विणकर बायकांच्या अंगणात. लाल जाकीट, सपाट पसरट टोपी आणि पाठीवर दोन बारीक वेण्या अशा वेषातील एका बाईंनी एक पांढरे मूळ किसणीवर किसून कोमट पाण्यात टाकले. पाण्यास साबणासारखा फेस आला आणि मेंढीची मळकट लोकर दोन पिळांत पांढरीशुभ्र झाली. मग त्यांनी निवडुंगाच्या फड्यावरून भुरी लागल्यासारखा दिसणारा एक किडा नखाने खरवडून तळहातावर चिरडला, तोच त्यांचा तळवा रक्तासारखा माखला. हा 'कोचिनिया' किडा. त्याच रसात लिंबू पिळले की नारिंगी छटा येते, आणि खार घातला की जांभळट. कमरेस पट्टा बांधून, समोरच्या खुंटीशी ताणलेल्या मागावर त्या धागे मोजत होत्या, आणि आडवा धागा ठोकून बसविण्यासाठी हातात लामाचे टोकदार हाड होते. "हे हाड कशाचे माहीत आहे?" त्यांनी विचारले. "मागच्या वर्षी काही खरेदी न करता गेलेल्या पाहुण्याचे." हा विनोद तेथे दिवसातून दहा वेळा होत असावा, तरी मी एक पट्टा विकत घेतलाच. इंकांच्या दरबारी सोन्याहून कापडाचे मोल अधिक होते, सरदारास बक्षीस आणि सैनिकास वेतन कापडाच्या रूपाने मिळे, ही गोष्ट त्या अंगणात बसल्यावर अतिशयोक्तीची वाटत नाही. ही कला मधल्या काळात मागे पडू लागली होती. याच गावच्या निल्दा कायान्याउपा या विणकर बाईंनी 1996 साली कुस्को येथे पारंपरिक वस्त्रांचे केंद्र काढून वृद्ध बायकांकडील नक्षीचे ज्ञान मुलींच्या हाती देण्याचा उद्योग आरंभिला. चिंचेरोच्याच माळावर हल्ली मोठा विमानतळ उभारला जात आहे. तो झाला म्हणजे पाहुणे थेट या उंचीवर उतरतील. त्यांना काढा कोण पाजणार, हे मला कळले नाही.

मोराय येथे गेल्यावर प्रथम वाटते की, कोणी तरी डोंगरात रंगमंडप खोदून ठेवला आहे. माळातील एका नैसर्गिक खळग्यात, एकात एक बसणारी वर्तुळाकार खाचरे सुमारे तीस मीटर खोल उतरत गेली आहेत. वाटाडे सांगतात की, माथ्याच्या व तळाच्या तापमानात 15 अंशांपर्यंत फरक पडतो, आणि म्हणून ही इंकांची कृषिप्रयोगशाळा होती. कल्पना मोहक आहे, आणि उंचीनुसार पिके बदलणाऱ्या या देशात ती असंभवनीयही नाही. परंतु ज्या राज्याने एक अक्षर लिहून ठेवले नाही, त्याच्या हेतूंविषयी इतक्या ठामपणे बोलणारा वाटाडा भेटला की मला आमच्याकडील किल्ल्यांवरचे 'येथून भुयार थेट दिल्लीस जाते' असे सांगणारे म्हातारे आठवतात. काही संशोधक या जागेस विधिस्थान मानतात. मला स्वतःला हेतूपेक्षा तळाचे कौतुक वाटले: एवढ्या खोल खळग्यात पावसाळ्याचे पाणी तुंबून राहत नाही, ते जमिनीत जिरून जाते.

मोरायच्या तुलनेत मारासच्या मिठागरांत गूढ असे काहीच नाही, आणि तरीही दिवसभरात पाहिलेल्यांपैकी तेच दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. उरणच्या किंवा वसईच्या बाजूची मिठागरे ज्याने पाहिली आहेत, त्यास समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर, डोंगराच्या एका अरुंद घळीत पांढरी, गुलाबी, तपकिरी अशी तीन हजारांवर कुंडे पायरीपायरीने उतरलेली पाहून आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवणे जड जाते. कारण मात्र सरळ आहे. ज्या समुद्राच्या तळाशी हे मीठ साचले तो कोट्यवधी वर्षांपूर्वी आटला, आणि अँडीज वर उचलला गेला तेव्हा मिठाचे थर त्याच्या पोटात राहिले. त्यांतून झिरपत आलेला एक झरा घळीच्या तोंडाशी बाहेर पडतो. झऱ्याचे पाणी वीतभर रुंदीच्या पाटाने फिरविलेले आहे. कुंडाचा मालक पाटाच्या काठी असलेला दगड सरकवितो, कुंड भरते, तो दगड पुन्हा लावतो. पाणी आटले की पुन्हा भरतो. असे महिनाभर चालल्यावर साचलेला थर फोडून, सर्वांत वरचे व मधले मीठ माणसांसाठी आणि तळाचे मातकट मीठ गुरांसाठी निराळे काढतो. ही कुंडे मारास व पिचिन्गोतो या दोन गावांतील कुटुंबांच्या वहिवाटीची आहेत. कुस्को प्रांतातील बहुतेक स्थळांसाठी जे सरकारी सामाईक तिकीट काढावे लागते ते येथे चालत नाही. गावकरी आपला वेगळा आकार घेतात, आणि 2019 पासून त्यांनी पाहुण्यांस कुंडांच्या बांधांवरून फिरण्यास मनाई केली आहे, कारण पावलांची घाण मिठात उतरत होती. आमच्या मोटारीतील एक गृहस्थ त्यामुळे पुष्कळ रुष्ट झाले. मला ती मनाई फार आवडली. कठड्याशी उभा असता खाली एक बाई गुडघाभर बुटांनी कुंडाचा तळ तुडवून घट्ट करीत होती, आणि वर टिपल्या जाणाऱ्या शेकडो छायाचित्रांकडे तिने एकदाही मान वर करून पाहिले नाही.

उरुबांबा गावी दुपारचे जेवण झाले. त्याविषयी विशेष सांगण्यासारखे नाही, एक गोष्ट वगळता. ताटात बोटाच्या पेराएवढ्या दाण्यांचे उकडलेले पांढरे मक्याचे कणीस होते, तीन तऱ्हेचे बटाटे होते, आणि 'किविचा' नावाने जे बारीक धान्य लाहीच्या रूपात वाढले गेले ते पाहताच मी ओळखले: तो आपला राजगिरा, किंवा त्याचा सख्खा भाऊ. तेव्हा सहज हिशेब केला. आपल्या एकादशीच्या फराळातील बटाटा या अँडीजचा, शेंगदाणा याच पर्वताच्या पूर्व उतारापलीकडचा, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद दक्षिण अमेरिकेचा, रताळे व मिरचीही त्याच गोलार्धातून आलेली. पोर्तुगीज गलबते आली नसती तर आमच्या आजीबाईंनी उपवासाला काय खाल्ले असते, हा प्रश्न धर्मशास्त्र्यांवर सोपवून मी आणखी एक बटाटा घेतला. 'बटाटा' हा आपला शब्दही पोर्तुगीजांनी कॅरिबियन बेटांवरच्या रताळ्याच्या नावावरून आणलेला. केचुआ भाषेत बटाट्याला म्हणतात 'पापा'.

ओयान्तायतांबो येथे मी वाटाड्याची क्षमा मागून मागे राहिलो. 'तांबो' म्हणजे राजमार्गावरील सराई. इंकांच्या सुमारे तीस हजार किलोमीटर लांबीच्या रस्त्यांवर ठिकठिकाणी अशा सराया असत, आणि याच रस्त्यांवरून 'चास्की' नावाचे जासूद धावत निरोप पोहोचवीत. येथील डोंगरउतारावर चढत गेलेल्या भव्य खाचरांच्या माथ्यावर अर्धवट राहिलेल्या सूर्यमंदिराचे सहा गुलाबी पाषाण एका ओळीत उभे आहेत. उंची पुरुषभराहून दुप्पट, वजन एकेकाचे पन्नास टनांच्या आसपास, आणि दोन पाषाणांच्या मध्ये बसविलेली दगडाची चिंचोळी पट्टी अशी घट्ट, की पोस्टाचे पाकीटही आत जाऊ नये. यांची खाण समोरच्या डोंगरावर, नदीच्या पलीकडे, काही किलोमीटर अंतरावर आहे. तेथून ते खाली ओढत आणले, नदी पार केली, आणि पुन्हा या चढावर आणले. झाँ-पिएर प्रोत्झेन या वास्तुविद्येच्या प्राध्यापकाने 1980 च्या दशकात येथे मुक्काम ठोकून नदीतल्या कठीण गोट्यांनी स्वतः दगड घडवून पाहिले आणि दाखवून दिले की, लहानमोठ्या गोट्यांचे टोले चिकाटीने घालीत गेल्यास असा सांधा साधता येतो. परग्रहावरील पाहुण्यांस त्यासाठी बोलाविण्याची गरज नाही. वाटेत काही पाषाण जेथे टाकले गेले तेथेच पडून आहेत. त्यांना लोक 'थकलेले दगड' म्हणतात.

1536 साली मांको इंका या राजाने स्पॅनिशांविरुद्ध बंड उभारून कुस्कोस वेढा दिला, आणि वेढा निष्फळ होऊ लागल्यावर तो याच गावी येऊन राहिला. फ्रान्सिस्कोचा भाऊ एर्नान्दो पिझारो घोडदळासह त्याच्यावर चालून आला तेव्हा वरच्या खाचरांतून दगड-बाणांचा वर्षाव झाला, आणि मांकोने पाटांचे पाणी फोडून खालच्या मैदानात सोडले. घोडे चिखलात रुतले व स्पॅनिश फौज परतली. इंकांच्या हाती आलेल्या थोड्या विजयांपैकी हा एक. आणि तो मिळवून देण्यात हत्यारांइतकाच वाटा शेतीच्या पाण्याचा होता. पुढे मांको विल्काबांबाच्या अरण्यात गेला. 1572 साली त्याचा पुत्र तुपाक आमारू याचा कुस्कोच्या चौकात शिरच्छेद झाला आणि राजवंशाचा विषय संपला.

आता हे पाणी. खाचरांवरून उतरून गावात शिरलो तर गल्ल्या इंकांच्याच, घरांची जोती व दारांच्या चौकटी इंकांच्याच, आणि गल्लीच्या एका कडेने दगडी पाटातून खळखळत वाहणारे पाणीही त्यांनीच वळविलेले. एक मुलगा त्यात बादली धूत होता. समोरच्या पिन्कुइयुना डोंगरावर इंकांची कोठारे रिकामी उभी आहेत. वारा खेळावा म्हणून उंच, थंड कड्यावर बांधलेली. कोठारे रिकामी पडली, कारण ती राजाची होती; पाट वाहता राहिला, कारण तो दर वर्षी साफ करणारी माणसे गावातच होती. मोटारीत हाती दिलेल्या पत्रकात या साऱ्याच गोष्टींना सरसकट 'अवशेष' म्हटले आहे. तो शब्द मंदिरास लागू पडतो, पाटास लागू पडत नाही, आणि मारासच्या कुंडांस तर मुळीच नाही.

येथून माचू पिचूकडे जाणारी आगगाडी सुटत असल्यामुळे आमच्यातील निम्मे लोक उतरून गेले. उरलेल्यांना पिसाकच्या उतारावरची खाचरे सांजवेळी दिसली. खाचराच्या भिंतीमागे तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू, आणि सर्वांत वर खालच्या खोऱ्यातून वाहून आणलेली माती, अशी त्यांची रचना; पाणी झिरपून जाते, माती धुपत नाही, आणि दिवसभर तापलेला दगड रात्री पिकास दंवापासून थोडी ऊब देतो. एवढे काम एकट्या घराने होणारे नाही. 'आयनी', म्हणजे आज मी तुझ्या शेतात राबलो तर उद्या तू माझ्या शेतात राबावयाचे, हा रिवाज अजून तेथे चालतो. वाटाडा तो समजावून सांगण्यासाठी शब्द शोधू लागला. मला शोधावा लागला नाही, कारण आपल्याकडे इर्जिक आहे, आणि जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात खाचरे बांधण्यासाठी आदिवासी बांधव जी 'पडकई' करतात ती तर हुबेहूब हीच. पिसाकचे खालचे गाव मात्र स्पॅनिशांचे. 1570 नंतर फ्रान्सिस्को दे तोलेदो या व्हाइसरॉयने डोंगरांवर विखुरलेल्या वस्त्या उठवून चौकोनी गावांत कोंबल्या, म्हणजे खानेसुमारी, करवसुली आणि धर्मोपदेश तिन्ही सोयीचे व्हावेत. पुढे जमिनी मोठ्या जमीनदारांच्या घशात गेल्या; 1969 च्या जमीनसुधारणेच्या कायद्यानंतर त्यांपैकी पुष्कळ शेतकऱ्यांच्या हाती परतल्या.

पिसाकच्या बाजारात दिवे लागले होते. चादरीवर बटाट्यांचे ढीग घालून एक आजीबाई बसल्या होत्या. काळे, जांभळे, पिवळे, बोटासारखे लांब, आणि एका बाजूस गोठवून, तुडवून, वाळवून वर्षानुवर्षे टिकविलेले खड्यांसारखे पांढरे. त्यांतून त्यांनी एक गाठाळ, अननसासारखा खवल्याखवल्यांचा बटाटा माझ्या हातावर ठेवला आणि केचुआत काही म्हटले. आजूबाजूच्या बायका हसल्या. वाटाड्याने सांगितले की, याचे नाव 'सुनेला रडविणारा': लग्नाआधी मुलीच्या हाती हा बटाटा देऊन, ती तो अखंड, फार गर न घालविता सोलते की नाही, हे सासू पाहते. मी तो चारही अंगांनी फिरवून पाहिला. सुरी पहिल्यांदा कोठे लावावी, तेच उमगेना. आजीबाईंनी माझ्याकडे पाहिले, मान हलविली, आणि बटाटा परत घेऊन ढिगावर ठेवला.